नासलेले कूलंट आणि घरी येणारा खोकला

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरातून रोज कोणी ना कोणी डबा घेऊन एमआयडीसीच्या वाटेला लागते. कोणी लेथवर उभे असते, कोणी ग्राइंडिंगवर, तर कोणी सीएनसी किंवा व्हीएमसी यंत्रावर. संध्याकाळी ही माणसे परततात तेव्हा त्यांच्या कपड्यांना एक ठरावीक तेलकट वास असतो. एखाद्या दिवशी तोच वास कुजक्या अंड्यासारखा येतो. घरातली मंडळी ते कपडे वेगळ्या बादलीत भिजत घालतात आणि कामाला लागतात. आज मला त्या वासाविषयी आपल्याशी बोलायचे आहे, कारण त्याचा संबंध घरात रात्री ऐकू येणाऱ्या खोकल्याशी असू शकतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीलगत मी सत्तावीस वर्षे दवाखाना चालवीत आहे. माझी पदवी एमबीबीएसची. यंत्रांचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे थोडे कळते ते टर्नर, सेटर आणि छोट्या शेडचे मालक असलेल्या माझ्या रुग्णांनी शिकविलेले आहे. त्यांच्याकडून ऐकलेले आणि वैद्यकाच्या पुस्तकांतून वाचलेले एकत्र ठेवले, तेव्हा हा विषय कुटुंबांपर्यंत पोहोचायला हवा असे वाटू लागले.

प्रथम कूलंट म्हणजे काय ते पाहू. धातू कापताना प्रचंड उष्णता निर्माण होते. ती शमविण्यासाठी, टूलची धार टिकविण्यासाठी आणि कापलेल्या चिप्स वाहून नेण्यासाठी कापण्याच्या जागी सतत द्रवाची धार सोडतात. लहान कारखान्यांत बहुधा पाण्यात मिसळणारे तेल वापरले जाते. खनिज तेल, ते पाण्यात मिसळून धरणारे पदार्थ आणि गंजरोधक रसायने यांचे हे मिश्रण साधारणतः पाच ते दहा टक्के घेतात. उरलेले सारे पाणीच. ते दिसते दुधासारखे पांढरे. यंत्राखालच्या टाकीत जमा होऊन तेच कूलंट पंपाने पुन्हा वर जाते. असे ते आठवडेच्या आठवडे, कधी कधी महिनोन्‌महिने फिरत राहते.

आता हेच गृहिणीच्या नजरेने पाहा. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, त्यात स्निग्ध पदार्थ, वर यंत्राची ऊब. जिवाणूंना यापेक्षा चांगला पाहुणचार कोणता? पाण्यातून, हवेतून, हातांवरून, चिप्सला लागलेल्या मळातून ते टाकीत उतरतात. स्यूडोमोनास जातीचे जिवाणू तेथे विशेष रमतात. मिश्रण बांधून ठेवणारे पदार्थ आणि गंजरोधक रसायने हेच त्यांचे अन्न ठरते. ते खाऊन ते आम्ले सोडतात, कूलंटचा पीएच उतरतो, मिश्रण दुधासारखे फाटते आणि तेल वेगळे पडते. कामाच्या तुकड्यांवर गंज येऊ लागतो, टूल लवकर झिजते. नासलेले कूलंट कामगाराच्या आधी मालकाच्या खिशाला लागते, हे येथे नमूद करून ठेवते.

वासाचे कारण मात्र थोडे निराळे आहे. यंत्राच्या सरकत्या भागांचे व हायड्रॉलिकचे तेल गळून कूलंटवर तरंगते. त्याला कारखान्यात ‘ट्रॅम्प ऑइल’ म्हणतात. यंत्र बंद असताना हा तवंग झाकणासारखा बसतो आणि खाली प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू जोर धरतात. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवितात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. पाश्चात्त्य देशांतील कामगार त्याला सोमवार सकाळचा वास म्हणतात, कारण त्यांची यंत्रे शनिवार-रविवारी बंद असतात. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणून आमच्याकडे हा वास शुक्रवारी पहिल्या पाळीला येतो.

आपण विचाराल, या जिवाणूंचा माणसाला संसर्ग होतो का? निरोगी माणसाला सहसा होत नाही. अपाय होतो तो दोन निराळ्या वाटांनी, त्वचेतून आणि श्वासातून.

त्वचेची वाट सर्वांना परिचित आहे. दिवसभर कूलंटमध्ये भिजलेल्या हातांचे नैसर्गिक तेल निघून जाते. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, खाज सुटते, पुढे पाणी सुटणारा इसब होतो. चिप्सच्या बारीक जखमांतून रसायने आत शिरतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने खनिज तेलांमुळे येणाऱ्या पुटकुळ्या आणि त्वचादाह यांचा समावेश सरकारला कळविण्याच्या व्यवसायजन्य रोगांत केला होता. म्हणजे ही तक्रार नवी नाही आणि काल्पनिक तर मुळीच नाही.

श्वासाची वाट तेवढी परिचित नाही. फिरत्या टूलवर कूलंटची जोरदार धार आदळते तेव्हा त्याचे तुषार उडतात. त्यांतले सर्वांत सूक्ष्म तुषार डोळ्यांना दिसतही नाहीत, पण फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्यांच्याबरोबर जिवाणू जातात, तसेच मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही जातात. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेला तरी तो नष्ट होत नाही; उलट जिवाणू फुटल्यावर मोकळा होतो. कूलंटमध्ये आढळणारा आणखी एक जिवाणू म्हणजे मायकोबॅक्टेरियम इम्युनोजेनम. तो क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला आहे, पण क्षय करीत नाही. त्याचे अवशेष वारंवार श्वासात गेल्यास काही व्यक्तींची रोगप्रतिकारशक्ती चवताळते आणि फुप्फुसाच्या नाजूक भागांना सूज येते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कबुतरांच्या विष्ठेमुळे किंवा बुरशी लागलेल्या गवतामुळे होणारा फुप्फुसाचा विकार आपण ऐकला असेल. हा त्याच जातीचा. याखेरीज कूलंटच्या तुषारांमुळे काहींना दमाही जडतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मोटार उद्योगाच्या कारखान्यांत या आजाराच्या साथी उघडकीस आल्या. १९९८ मध्ये तेथील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने अशा तुषारांसाठी एक घनमीटर हवेत ०.४ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली. २००३-०४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील मोटारींची इंजिने बनविणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात अनेक कामगार फुप्फुसदाह आणि दम्याने आजारी पडले. शेकडो जणांची तपासणी करावी लागली. ते कारखाने आपल्या छोट्या शेडपेक्षा कितीतरी सुसज्ज होते, हे लक्षात घ्यावे.

या आजाराची अडचण अशी की तो आपली ओळख लपवितो. कामावर गेल्यानंतर साधारणतः चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला सुरू होतो, छाती आवळल्यासारखी वाटते. म्हणजे त्रास होतो तो घरी, रात्री. सकाळपर्यंत किंवा एखाद्या दिवसात तो उतरतो. आपल्या देशात ताप आणि खोकला म्हटला की फ्लू, टायफॉइड, क्षय अशी नावे आधी मनात येतात आणि ती यायलाही हवीत. सुरुवातीला छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. मात्र संपर्क चालूच राहिला तर धाप वाढते, वजन घटते, आणि काहींच्या फुप्फुसात कायमचे व्रण पडतात. व्रण पडण्यापूर्वी कारण दूर केले तर बहुतेकांना चांगला उतार पडतो. सारे काही या वेळेवर अवलंबून आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी पस्तिशीतला एक व्हीएमसी ऑपरेटर पत्नीसह माझ्याकडे आला. अडीच महिने खोकला, चार किलो वजन उतरलेले, दोन जिने चढताना धाप. थुंकीच्या तपासणीत क्षय आढळला नव्हता. मी विचारले, “मध्ये कधी बरे वाटले होते का?” तो “नाही” म्हणाला. तोच पत्नी त्याच्याकडे वळून म्हणाली, “अहो, गणपतीत आठ दिवस गावी होतो, तेव्हा कुठं होता खोकला? परत आलो, कामावर गेलात, आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू झाला.”

त्या एका वाक्याने तपासाची दिशा ठरली. मी यंत्राविषयी विचारू लागले. कूलंट शेवटचे कधी बदलले ते त्याला आठवत नव्हते. “शुक्रवारी तर शेडमध्ये उभं राहवत नाही, मॅडम. मग थोडं फिनेल टाकतो. वास जातो.” मी त्याला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठविले. सीटी स्कॅन आणि फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी झाली आणि कूलंटच्या तुषारांमुळे झालेल्या फुप्फुसदाहाचे निदान झाले. जाताना तो मात्र एवढेच म्हणाला, “मॅडम, चिठ्ठीत कंपनीचं नाव घालू नका. नोकरी जाईल.”

वाचकहो, या भीतीपुढे औषधाची चिठ्ठी फार लहान पडते. घराचा हप्ता, मुलांची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे, हे सारे त्या यंत्रावर उभे असते. त्याच्या संमतीने मी मालकांशी बोलले. ते स्वतःही दिवसाचे काही तास यंत्रावर उभे राहणारे गृहस्थ होते आणि त्यांनाही सकाळी खोकला होता. त्यांनी ऑपरेटरला वेगळ्या खोलीतल्या तपासणीच्या टेबलावर काम दिले. तज्ज्ञांनी काही आठवडे औषध दिले आणि तीन महिन्यांत त्याचे वजन व श्वास दोन्ही सावरले. नोकरी टिकली. प्रत्येक ठिकाणी असे घडत नाही, हे मी जाणते. पण कूलंट सुधारले तर मालकाचाही खर्च वाचतो, हे सांगता आले की बोलणे सोपे होते.

आता त्या फिनेलविषयी. दवाखान्यात ‘एक स्ट्राँग इंजेक्शन द्या’ म्हणणारे रुग्ण रोज भेटतात. टाकीत फिनेल, डेटॉल किंवा ब्लीचिंग पावडर ओतणे ही त्याच विचारसरणीची गोष्ट आहे. ही द्रव्ये कूलंटसाठी बनविलेली नाहीत. ती मिश्रण फोडतात, गंज वाढवितात आणि त्यांची वाफ व तुषार पुन्हा त्याच छातीत जातात. कूलंटसाठी बनविलेली जंतुनाशके असतात आणि त्यांचा उपयोगही आहे. पण त्यांत फॉर्मल्डिहाइड सोडणारी किंवा आयसोथायाझोलिनोन गटातली रसायने असतात, आणि ती त्वचेला ॲलर्जी निर्माण करू शकतात. मात्रा अधिक झाली की हातांचा इसब बळावतो. शिवाय जिवाणूंनी भरलेल्या टाकीत एकदम जंतुनाशक ओतले की असंख्य जिवाणू एकाच वेळी फुटतात आणि त्यांचे एंडोटॉक्सिन कूलंटमध्ये उतरते. वास जातो, दोष राहतो. म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला, असे कोणी समजू नये.

मग उपाय काय? रोजची निगराणी, जशी आपण दुधाची ठेवतो तशी. कूलंट पुरविणाऱ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ ही निगा शिकवितात. त्यांना बोलवावे आणि त्या उत्पादनाच्या माहितीपत्रकातील आकडे प्रमाण मानावेत. सर्वसाधारण गोष्टी मात्र सारख्याच आहेत.

मिश्रणाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. हे हातात मावणारे साधे उपकरण आहे. प्रमाण कमी झाले तर जिवाणू माजतात, जास्त झाले तर हात सोलतात. मिश्रण करताना तेल पाण्यात घालावे, पाणी तेलात नव्हे. पाणी उडून गेल्यावर भर घालायची तर नुसते पाणी न ओतता पातळ तयार मिश्रण घालावे. बोअरचे जड पाणी मिश्रण लवकर फोडते, म्हणून पाण्याची तपासणी करून घ्यावी. पीएच कागदी पट्टीने पाहता येतो. पाण्यात मिसळणाऱ्या बहुतेक कूलंटचा पीएच साडेआठ ते साडेनऊच्या आसपास असतो. तो आठवड्यागणिक खाली सरकू लागला तर जिवाणू वाढत आहेत असे समजावे. वास येण्याची वाट पाहू नये.

वर तरंगणारे तेल नियमित काढावे. चिप्सचा गाळ साचू देऊ नये. सुट्टीच्या दिवशीही कूलंट अधूनमधून फिरते राहील किंवा त्यात हवा खेळेल अशी सोय शक्य असेल तर करावी. चहाचा उरलेला घोट, डब्यातले खरकटे, तंबाखूची पिंक यांपैकी काहीही टाकीत जाता कामा नये. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ऐकलेले आहे म्हणून लिहिते.

जिवाणू मोजण्यासाठी डिप स्लाइड मिळते. पट्टी कूलंटमध्ये बुडवून डबीत बंद करायची, एक-दोन दिवस उबेत ठेवायची आणि तिच्यावर उगवलेल्या ठिपक्यांची तुलना सोबतच्या चित्राशी करायची. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनानुसार एका मिलिलिटरमध्ये दहा लाख किंवा त्याहून अधिक जिवाणू असतील तर नियंत्रण सुटले असे मानून तातडीने पावले उचलावीत. बहुधा टाकी रिकामी करून साफ करावी लागते. ही पट्टी म्हणजे टाकीची रक्ततपासणीच म्हणा ना. दर आठवड्याचे आकडे तारखेसह एका वहीत लिहिले की चढउतार डोळ्यांसमोर राहतो.

टाकी साफ करताना नुसते जुने कूलंट काढून नवे भरणे व्यर्थ आहे. टाकीच्या भिंती, नळ्या आणि कोपरे यांना बुळबुळीत थर चिकटलेला असतो आणि जिवाणू त्याच्या आत सुरक्षित असतात. दह्याच्या न धुतलेल्या भांड्यात ताजे दूध ओतले तर काय होते, हे घरातल्या कोणालाही विचारा. तो थर म्हणजे विरजण. म्हणून साफसफाईचे योग्य द्रव्य फिरवून, थर घासून, गाळ काढून, स्वच्छ पाण्याने धुऊनच नवे कूलंट भरावे. हे काम उघड्या हातांनी आणि बंद शेडमध्ये करू नये. काढलेले कूलंट नाल्यात न सोडता अधिकृत विल्हेवाट व्यवस्थेकडे द्यावे.

तुषारांसाठी यंत्राची दारे बंद ठेवावीत, काम थांबल्यावर लगेच दार उघडू नये, आणि तुषार शोषून बाहेर टाकणारी यंत्रणा असेल तर तिचे फिल्टर वेळेवर साफ करावेत. तयार तुकड्यावरचे कूलंट एअर गनने उडविण्याची सवय सर्वत्र आहे. त्यामुळे क्षणात नाकासमोर धुके तयार होते. ती सवय मोडावी. तोंडाला रुमाल बांधल्याने हे सूक्ष्म तुषार अडत नाहीत.

हातांसाठी थोडेसे. काम संपल्यावर साबण-पाण्याने धुवावे, केरोसीन किंवा थिनरने नव्हे. चिप्स अडकलेल्या कॉटन वेस्टने हात पुसू नयेत. नंतर कोरड्या हातांना व्हॅसलीन किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. हातमोजे तुकडा बदलताना वापरावेत, पण फिरत्या यंत्राजवळ कदापि नाही. ते अडकून हात आत ओढला जातो. कूलंट लागलेले फडके खिशात ठेवू नये आणि कपडे कारखान्यातच बदलून वेगळ्या पिशवीत आणावेत.

आता घरच्या मंडळींसाठी माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे. घरातल्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला वारंवार खोकला, संध्याकाळचा ताप किंवा धाप असेल, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तीन-चार आठवडे खुणा करा. कोणती पाळी होती, खोकला केव्हा वाढला, सुट्टीत काय झाले. सुट्टीत उतार आणि कामावर परतताच त्रास असा नमुना दिसला, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काम नेमके काय आहे ते आपणहून सांगा. ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर थांबू नका. कूलंट, तुषार, वास हे शब्द उच्चारा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाची तपासणीही अवश्य करून घ्या, कारण एक आजार असल्याने दुसरा नसतोच असे नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर दिनदर्शिका बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि घाईने नोकरी सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने तुषारांपासून दूरचे काम मिळते का, ते पाहा.

आपण स्वतः लहान शेडचे मालक असाल, तर येत्या शुक्रवारी पहिल्या पाळीला यंत्र सुरू होण्यापूर्वी टाकीजवळ दोन मिनिटे उभे राहा. वास येत असेल तर फिनेलची बाटली न उघडता पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला फोन करा, आणि त्या टाकीची वही कोण लिहिणार, हे त्याच दिवशी ठरवा.